बहिणीला सिलिअॅक निघालाय. मी तपासणी करून घेऊ का?

निरुपमा_के | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहावंसं वाटलं, कारण घरात या विषयावर रोज वाद चाललाय आणि घरातल्या कुणालाच धड माहिती नाही, मी धरून.

धाकटी बहीण इंदूरला असते. वय ३४. तिचं हिमोग्लोबिन लग्नाआधीपासून कधी ९ च्या वर टिकलं नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट-खजूर झाले, लोखंडी कढई झाली. तोंड सतत आलेलं. पोटाची तक्रार मात्र जवळपास नाही, त्यामुळे पोटाच्या डॉक्टरकडे जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दिवाळीनंतर ७.६ झालं, तेव्हा तिथल्या नव्या डॉक्टरांनी 'टीटीजी' म्हणून रक्ताची तपासणी सांगितली. ती खूप वाढलेली निघाली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे तुकडे घेतले. सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडणं. गहू, जव, राय आयुष्यभर बंद.

तिचं आता बरं चाललंय. पण डॉक्टरांनी तिला सांगितलं की आई, भावंडं, मुलं, सगळ्यांची टीटीजी करून घ्या. (बाबा नाहीत आता.)

मी ३९, पुण्यात. मला काही होत नाही. थायरॉइडची गोळी आहे दुसऱ्या बाळंतपणापासून, पण ती काय हल्ली दर तिसऱ्या घरात असते. नवरा म्हणतो, काही होत नसताना कशाला उकरून काढायचं? सासूबाईंनी तर निकालच लावून टाकलाय. गेले तीन आठवडे मला पोळी वाढलेली नाही. "भाकरी खा, तपासणीचे पैसे वाचतील."

खरं सांगू का, मला सुईची भीती नाही. 'होय' असा कागद हातात आला की मग तो परत करता येत नाही, त्याची आहे.

आंबेमोहोर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०५

आम्ही कोकणातले. पोळी ही आमच्याकडे पाहुण्यांसाठी करायची गोष्ट. भात खा, आमटी ओरपा, मजेत राहा :)

गंमत सोडा, पण सासूबाईंचं मला पटलं. संशय आहे ना, मग सोडून द्या गहू. कागद कशाला पाहिजे?

बाह्यरुग्ण | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

निरुपमाताई, आधी एकच काम करा. आजच्या जेवणात पोळी घ्या. बाकीचं मग बोलू.

आता का ते सांगतो. (मी डॉक्टर आहे, पण तुमचा नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या.) टीटीजी म्हणजे आपल्याच शरीरातल्या एका विकराविरुद्ध (एन्झाइमविरुद्ध) तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मोजणं. गव्हातलं ग्लुटेन पोटात जात असतं तोवर ती तयार होतात. गहू बंद केला की हळूहळू उतरतात आणि आतडंही सावरायला लागतं. अशा वेळी तपासणी केली तर आजार असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. दुर्बिणीचंही तेच. म्हणजे सासूबाईंचा उपाय तुम्हाला उत्तरापासून लांब नेतोय. तीन आठवड्यांत फार काही बिघडलं नसावं, तरी सहा आठवडे रोज दोन वेळच्या जेवणात गहू खा आणि मग रक्त द्या.

आंबेमोहोर, कागद याच्यासाठी पाहिजे: संशयावर सोडलेला गहू माणूस संशयापुरताच सोडतो. लग्नात एक जिलबी, गाडीत एक बिस्किट. ज्याला आजार नाही त्याचं त्याने काही बिघडत नाही. ज्याला आहे त्याचं आतडं तेवढ्यानेही धुमसत राहतं, दुखलं नाही तरी.

धोका किती? ढोबळमानाने शंभरातल्या एखाद्याला हा आजार असतो. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात, तो वीसात एक ते दहात एक इतका जातो. त्यात भावंडं पुढे. आणि ती थायरॉइडची गोळी तुम्ही कंसात टाकल्यासारखी टाकलीत. थायरॉइड ज्या कारणाने बिघडतो त्यातलं सगळ्यात नेहमीचं कारणही शरीर स्वतःवरच उलटणं हे असतं, आणि हे दोन आजार पुष्कळदा एकाच घरात, कधी एकाच माणसात राहतात. तुमच्या थायरॉइडचं कारण तेच आहे असं मी म्हणत नाही. पण 'मला काही नाही' या यादीतून ती गोळी काढा.

आणखी एक. चिठ्ठीवर 'टीटीजी आयजीए' च्या खाली 'एकूण आयजीए' सुद्धा लिहून घ्या. काहींच्या रक्तात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकारच मुळात कमी असतो, सिलिअॅकच्या शंभरात दोन-तीन जणांत. त्यांची टीटीजी आयजीए वाढणार कुठून? अहवाल छान येतो आणि आजार तसाच राहतो. तसं निघालं तर आयजीजी प्रकारातल्या चाचण्या असतात.

शून्यप्रहर | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

डॉक्टरसाहेबांचा आदर ठेवून थोडी विरुद्ध बाजू मांडतो.

आपल्याकडे तपासणीचं वेड कमी आहे का? आमच्या सोसायटीत शिबिर झालं, ७२ चाचण्यांचं पॅकेज. त्यातून माझ्या ठणठणीत वडिलांमागे तीन महिने नसती धावपळ लागली, निघालं काहीच नाही. सिलिअॅकबद्दल म्हणाल तर अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या अधिकृत समितीने २०१७ साली स्पष्ट म्हटलंय की लक्षणं नसलेल्या लोकांना सरसकट तपासावं की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. 'काही होत नसताना कशाला' हे नवऱ्याचं म्हणणं अगदीच अडाणीपणाचं नाही.

ताई, एक प्रश्न स्वतःला विचारा. अहवाल 'होय' आला आणि तरी तुम्हाला काही त्रास नसेल, तर तुम्ही पोळी खरंच सोडाल? सोडणार नसाल तर तपासणी करून काय मिळवणार?

बाह्यरुग्ण | ४ फेब्रुवारी, दुपारी १:५०

प्रश्न चांगला आहे. समितीचं वाक्यही बरोबर, पण 'पुरावा अपुरा' म्हणजे 'करू नका' नव्हे. आणि नात्यात आजार असलेल्यांना लक्षणं नसली तरी तपासायचा विचार करावा असं अमेरिकेतले पोटाच्या डॉक्टरांचे मार्गदर्शक नियमही म्हणतात.

'त्रास नाही' हे शब्द मी जरा जपून वापरतो. अशक्तपणा हा त्रास आहे हे निरुपमाताईंच्या बहिणीला बारा-पंधरा वर्षं कुणी सांगितलं नाही. मोठ्या माणसात हा आजार जुलाब घेऊन येईलच असं नाही. न चढणारं हिमोग्लोबिन, ठिसूळ हाडं, तोंडातले व्रण, यकृताच्या चाचणीत किंचित वाढ, राहिलेला गर्भ न टिकणं, असाही येतो. लहान मुलांत उंची खुंटते. फिनलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे. नातेवाईक म्हणून तपासल्यावर रक्तात प्रतिपिंडं निघालेली, पण स्वतःला निरोगी समजणारी ४० माणसं घेतली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचा गहू बंद, निम्म्यांचा चालू. वर्षभराने बंदवाल्यांची आतडी सुधारलेली होतीच, पण आपल्याला आधी बरं नव्हतं हे त्यांचं त्यांना नंतर कळलं. माणसं ४० च, त्यामुळे त्यावर इमला बांधू नये. पण ओपीडीत मला दिसतं ते याच्याशी जुळतं.

लेस्टरची_माई | ४ फेब्रुवारी, रात्री ११:४०

इकडे इंग्लंडमध्ये हा वादच नाही. पहिल्या नात्यातल्या माणसांना रक्ततपासणी द्यायची, असं इथल्या सरकारी नियमात २०१५ पासून लिहिलेलं आहे. नातवाला निघाला तेव्हा त्याच्या आईबाबांना बोलावणं आलं, मग आम्हीही तपासून घ्यायचं ठरवलं.

डॉक्टर म्हणतात तीच चूक आमच्या यजमानांनी केली. नातवाचं कळताच आजोबांनी प्रेमापोटी घरातला ब्रेडच बंद केला, स्वतःचाही. पाच महिन्यांनी तपासणीला गेले तर नर्स म्हणाली, आधी सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन खाऊन या. पाच महिन्यांनंतर पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या पोटाने असा काही तमाशा मांडला की विचारू नका. शेवटी त्यांनाही आहेच. म्हणून म्हणते गं बाळा, आत्ताच करून टाक, चव तोंडात आहे तोवर.

जळगावकर | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

आमच्या आजोबांच्या काळात हे असले आजार होते का? संकरित गव्हाने केलंय सगळं. खपली गहू आणा, त्याच्या पोळ्या करा. देशी गव्हाचा त्रास होत नाही, आमच्या वैद्यांकडे दहा उदाहरणं आहेत.

पाटावरवंटा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

जळगावकर, हात जोडून विनंती, हे कुठल्याही सिलिअॅकवाल्या घरात सांगू नका. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. मला आठ वर्षं झाली निदान होऊन. पहिल्या वर्षी एका मावशींनी याच भरवशावर खपलीची खीर घातली. पुढचे तीन दिवस मी कुठे होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाह्यरुग्ण | ५ फेब्रुवारी, दुपारी २:२०

'पूर्वी नव्हतं' यावर थोडं विषयांतर. आजार पूर्वीही होता, गव्हाशी नातं लावलेलं नव्हतं. ते लावलं विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खात होते. तेव्हा त्याचा संशय आणखी पक्का झाला. १९५० साली त्याचा प्रबंध आला. तोवर या मुलांना केळी खायला घालून जगवत असत.

आपल्या देशातलं चित्रही बघण्यासारखं आहे. २०१६ साली उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात मिळून एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत शंभरात एकाहून थोडे जास्त, दक्षिणेत, म्हणजे वेल्लोरकडे, हजारात एक. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखीच, तिघांत एकाकडे असतात तशी. फरक होता ताटातल्या गव्हाचा: उत्तरेत दिवसाला साडेचारशे ग्रॅम, दक्षिणेत पंचवीस. तेव्हा आंबेमोहोर, तुमचा भात तुम्हाला कदाचित झाकून ठेवतोय :)

निरुपमा_के | ५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंसमोर दोन पोळ्या खाल्ल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण भाकरी टोपलीत झाकून ठेवली, पुराव्यासारखी.

जनुकांचा उल्लेख आला म्हणून विचारते. जनुकांचीच तपासणी एकदा केली तर? त्यासाठी गहू खावा लागत नाही असं वाचलं.

आणि पाटावरवंटाताई, तुम्ही जगता कशा ते सांगाल का? शून्यप्रहर यांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मी खरंच सोडेन का?

बाह्यरुग्ण | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:००

डीक्यू२ आणि डीक्यू८ ही ती जनुकं. दोन्ही नसतील तर आजार असण्याची शक्यता जवळजवळ शून्य, पुन्हा कधी तपासायला नको. पण असतील तर काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या गल्लीतल्या तिसऱ्या माणसाकडे ती आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना काही होणार नाही. तुमच्या बहिणीकडे ती असणारच, त्यामुळे तुमच्याकडे असण्याची शक्यताही बरीच. ज्यांनी वर्षानुवर्षं गहू सोडलाय आणि आता परत खाववत नाही, त्यांच्यासाठी ही तपासणी फार उपयोगी. तुम्ही पोळी खाताय, तुम्हाला साधी टीटीजी पुरे.

पाटावरवंटा | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

सांगते. लांबेल.

पोळी सोडणं सगळ्यात सोपं आहे. गंभीरपणे म्हणतेय. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आहे. परदेशातल्या बायका ज्या पिठासाठी तिप्पट पैसे मोजतात ते आपल्या डब्यात पडलेलं असतं. उपासाच्या दिवशी तर सगळं घर माझ्या बाजूने असतं.

अवघड आहे ते न दिसणारं. पहिला धडा हिंगाचा. बाजारातला बांधानी हिंग बऱ्याचदा मैद्यात बांधलेला असतो. मी पोळी सोडून सहा महिने झाले तरी टीटीजी उतरेना, तेव्हा आहारतज्ज्ञ बाई घरी येऊन डबे उघडून बसल्या. वरणाच्या फोडणीतून मी रोज मैदा खात होते! आता तांदळाच्या पिठातला किंवा डिंकातला बघून घेते, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून.

दुसरी गिरणी. आधी कुणाचा गहू दळला, त्यावर माझी ज्वारी टाकली, की संपलं. 'ग्लुटेनमुक्त' लिहायला आपल्या सरकारी नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. म्हणजे किती ते डोळ्यांपुढे आणा, आणि मग गिरणीच्या कापडी नळीवर एक चापट मारून बघा काय उडतं. आम्ही घरगंटी घेतली. महाग पडली, पण तिच्यात गव्हाचा दाणा पडलेला नाही.

मग सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी (बहुतेक घरांत गहू असतोच), कुरडया, शेवया, माल्टवाली दुधात घालायची पूड, चायनीजचा सॉस, देवळातला शिरा. प्रसाद नाकारायला शिकायला मला दोन वर्षं लागली. हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, शेजारच्या लहान मुलाला द्यायचा.

लग्नात जेवून जाते. 'एका घासाने काय होतंय' हे वाक्य बोलणाऱ्यांवर मी पूर्वी चिडायचे, आता त्यांना 'बाधतं' एवढंच म्हणते. 'सिलिअॅक' म्हटलं की चर्चासत्र सुरू होतं, 'बाधतं' म्हटलं की लोक पापड पुढे करतात. (उडदाचा. चालतो, पण त्यातही हिंग!)

तपासणीबद्दल माझा अनुभव: माझी दोन मुलं. निदान झालं तेव्हा दोघांची केली. मोठा नाही, धाकटीही नाही. धाकटीची चार वर्षांनी परत केली, तेव्हा होय. मधल्या काळात शाळेच्या रांगेत ती पहिली उभी राहायला लागली होती, आम्ही म्हणत होतो आजीवर गेली. एकदा 'नाही' आलं म्हणजे कायमचं 'नाही', असं नाही हो.

शून्यप्रहर | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

हे वाचून थोडा नरमलो. माझा आक्षेप सरसकट तपासणीला आहे, सख्ख्या बहिणीला आजार असताना नव्हे. तरी प्रश्न कायम. 'होय' आल्यावर काय करणार हे आधी ठरवा.

ता. क. आमच्या हिंगाच्या डबीवर आत्ता बघितलं. गव्हाचं पीठ.

निरुपमा_के | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

ठरलं. करणार. सहा आठवडे पूर्ण करून मार्चमध्ये.

काल आईशी बोलले, नाशिकला. तिला नुसतं विचारायचं होतं की तू कधी करतेस. आणि बोलता बोलता मलाच घाम फुटला. आईला तिशीपासून 'रक्त कमी' आहे. आम्ही ते तिच्या नावासारखं धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात साधी घसरली आणि मनगट मोडलं, तेव्हा हाडं ठिसूळ निघाली होती. वय झालं म्हणून सोडून दिलं. 'मला दूध सोसत नाही' म्हणते, तेही तिच्या चाळिशीनंतरचं.

इथे मी आठवडाभर 'मी करू का, मी करू का' करतेय.

आई म्हणते, "आता ६६व्या वर्षी काय करायचंय? झालं ना माझं." दादा मस्कतला. तो म्हणाला, मी ठणठणीत आहे, विषय संपला.

बाह्यरुग्ण | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आईंची उद्याच करा. त्यांनी पोळी कधी सोडलेलीच नाही, थांबायचं कारण नाही. आतडं सुजलेलं असलं की दूध पचवणारा विकरही कमी पडतो, कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही. हे सगळं सिलिअॅकच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, दुसरी कारणंही असतात. पण ६६ हे वय नव्हे. पुढचं हाड खुब्याचं असेल.

निरुपमा_के | २२ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

आईचा अहवाल आला. प्रयोगशाळेची मर्यादा २०. आईचं १४८.

होळीनंतर दुर्बीण ठरलीय. तोवर पोळी बंद करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आई फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे छोटीला हे माझ्याकडून गेलं." पंधरा वर्षं तिला गोळ्या घेताना बघितलं, आणि मूळ माझ्यात होतं, असं काहीतरी. मला काय बोलावं सुचलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचतंय का?

लेस्टरची_माई | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

तिला सांग, बुटकेपणा, कुरळे केस आणि पुरण पातळ न होऊ देण्याची हातोटी हेसुद्धा तिच्याकडूनच गेलं असेल, त्याचा हिशोब कुणी मांडतं का? आणि वडिलांकडूनही जनुकं येतात, ते आता विचारायला नाहीत, म्हणून सगळं आईच्या पदरात नको.

पाटावरवंटा | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ७:००

माझ्या मुलीला माझ्याकडूनच गेलं. पण माझं कळलं म्हणून तिचं चार वर्षांत कळलं. माझं कळायला २६ लागली होती. आईंना हे माझ्या नावाने सांगा.

दुर्बिणीला घाबरू नका म्हणावं. घशात फवारा मारतात, हवं असेल तर झोपेचं औषध देतात, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. तुकडे घेतलेले समजतही नाहीत. फक्त आधी विचारा, चार तरी तुकडे घेणार ना आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातूनही घेणार ना. आजार ठिगळाठिगळाने असतो, एका तुकड्यात चुकू शकतो.

निरुपमा_के | १८ मार्च, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. आईची दुर्बीण झाली. सहा तुकडे. मार्श ३ब (आतड्याच्या झिजेची पायरी). डॉक्टरांनी तिला समजावलं की आतड्यात गालिच्याला असते तशी लव असते, ती झिजलीय, गहू सोडला की परत येईल, पण तुमच्या वयात वेळ लागेल. आई म्हणाली, "वेळ आहे मला."

होळीला पुरणपोळ्या नेहमीसारख्या केल्या होत्या. स्वतः दीड खाल्ली, डॉक्टरांची आज्ञा म्हणून. आता तांदळाच्या पिठाच्या उकडीत पुरण भरून बघतेय. पहिल्या चार फाटल्या. पाचवीचा फोटो पाठवलाय, तिला ती पोळी म्हणायची की मोदकाची चुलत बहीण, यावर घरात मतभेद आहेत.

दादाला मी काही बोलले नाही. आईनेच फोन केला. "मी दुर्बीण गिळली, तुला बोटभर रक्त देता येत नाही?" त्याने मस्कतमध्येच दिलं. त्याचं 'नाही' आलंय. दोन-तीन वर्षांनी परत करायचंय हेही त्याला आईनेच सांगितलं.

माझे सहा आठवडे आज संपले. उद्या सकाळी रक्त देतेय, नवरा सोडायला येतोय. शून्यप्रहर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सोडेन. सासूबाईंनी घरगंटीची चौकशी करून ठेवलीय, माझ्या आधीच.

बाह्यरुग्ण | १८ मार्च, रात्री ९:४४

चिठ्ठीवर एकूण आयजीए लिहून घेतलंत ना?

निरुपमा_के | १८ मार्च, रात्री ९:४६

डॉक्टर विसरले होते. मी सांगून लिहून घेतलं.